मुलांवर रात्रीची बंदी, दांडी मारली तर पालकांना दंड: पंचायतीला हे करता येतं का?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गोव्यात बार्देशातल्या तुमच्या गावात रविवारच्या ग्रामसभेपुढे ठराव येतोय: रात्री दहानंतर अठरा वर्षांखालचं मूल बाहेर दिसलं तर पंचायतीने आईवडिलांना दंड करायचा, आणि शाळा बुडवणाऱ्यांच्या घरच्यांनाही तोच दंड. तुमचा मुलगा नववीत आहे, मधूनमधून दांड्या मारतो, म्हणून तुम्हाला धास्ती वाटते. शाळेची व्यवस्थापन समिती आणि पालक-शिक्षक संघ या दोन्हींत मी बरीच वर्षं काम केलंय, त्यामुळे सविस्तर लिहितो.

असा दंड पंचायतीला लावता येत नाही. ठराव घ्यायला ग्रामसभा मोकळी आहे, पण लोकांकडून दंड वसूल करायचा तर त्यामागे कायद्याचं कलम लागतं. अमुक वाजल्यानंतर मुलांनी घराबाहेर पडू नये असा कायमचा कायदा आपल्याकडे नाही. संचारबंदी लागते ती जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने. पूर्वीचं १४४ कलम, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १६३. तो आदेशही तातडीच्या धोक्यापुरता आणि साधारणपणे दोन महिन्यांपुरताच. पोरं तिठ्यावर बसून मोठ्याने हसतात, हा काही तातडीचा धोका नव्हे.

ठराव मांडणाऱ्यांनी इंग्लंडातल्या स्विंडन शहरातल्या नातेवाइकांचा दाखला दिला, असं तुम्ही लिहिलंय. तो खोटा नाही. इंग्लंडमध्ये मूल विनापरवानगी गैरहजर राहिलं तर पालकांना खरोखरच दंडाची नोटीस येते. ऑगस्ट २०२४ पासून ती १६० पौंडांची आहे, पहिल्या वेळी २१ दिवसांत भरली तर ८०. पण त्यामागे १९९६ चा त्यांचा शिक्षण कायदा आहे. अमेरिकेतल्या अनेक शहरांत मुलांसाठी रात्रीची बंदीही आहे. वॉशिंग्टनमध्ये ती १९९५ च्या कायद्याने आली. तिथल्या अशा बंद्यांवर झालेले अभ्यास २०१६ मध्ये एकत्र करून तपासले गेले, तेव्हा गुन्हे कमी झाल्याचं काही दिसलं नाही. दाखला द्यायचा तर हेही ग्रामसभेत सांगायला हवं.

आणि आपल्या गावात दहानंतर मुलं बाहेर का असतात? दिवाळीचा नरकासुराचा पुतळा बांधायला. शिगम्याच्या मेळाच्या तालमीला. देवळातल्या सप्ताहात पहाटेच्या पाराला टाळ धरायला. जत्रेतलं नाटक तर सुरूच होतं उशिरा. गावची सगळी कला रात्री जागवली जाते आणि ती पुढच्या पिढीकडे जाते तीही रात्रीच, मांडवाच्या कडेला बसलेल्या पोरांकडे. या ठरावाचा पहिला फटका त्यांना बसेल. लपूनछपून बाटली उघडणारा मुलगा दहाच्या आत घरातच उघडेल.

रात्री पोलिसांनी मुलाला हटकलं तर? ते विचारपूस करू शकतात, घरी पोचवू शकतात. मूल निराधार किंवा धोक्यात वाटलं तर बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे चोवीस तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. कोठडीत मात्र कोणत्याही कारणासाठी ठेवता येत नाही, मुलाने गुन्हा केल्याचा आरोप असला तरी नाही. प्रत्येक ठाण्यावर एक बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. त्याच्याशीच बोलायचं आहे, असं ठामपणे सांगा.

याचा अर्थ पालकांवर काहीच जबाबदारी नाही असा कोणी घेऊ नये. जबाबदारी आहे, आणि चांगली कडक आहे, फक्त ती घड्याळावर बांधलेली नाही. सगळ्यात मोठी वाहनाची. मोटार वाहन कायद्याला २०१९ मध्ये जोडलेलं १९९-अ कलम प्रत्येक गोमंतकीय घराने वाचावं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स नाही. गाडी तुमच्या संमतीनेच दिली होती असं न्यायालय धरून चालतं; आपल्याला ठाऊक नव्हतं किंवा आपण पुरती काळजी घेतली होती, हे पालकाने सिद्ध करायचं. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचं, आणि घराघरातली ॲक्टिव्हा त्याच्या दुप्पट ताकदीची असते. तरीही अकरावीच्या मुलांना क्लासला जायला आपणच चावी देतो. रात्रीच्या ठरावाला हात वर करणाऱ्यांनी आधी ती चावी काढून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.

दारूचंही तसंच. डॉक्टरच्या सांगण्यावाचून मुलाला दारू किंवा तंबाखू देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमाखाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. आपल्या गोव्याचा बाल कायदा २००३ चा. त्यात हॉटेलवाल्यांवर बंधन आहे: घरच्या किंवा नात्यातल्या माणसांबरोबर नोंद असल्याशिवाय मुलाला खोलीत जाऊ द्यायचं नाही. म्हणजे आपल्या कायद्याने मोठ्यांना जाब विचारलाय.

आता शाळा. शिक्षण हक्क कायदा २००९ पालकांवर मुलाला शाळेत घालण्याचं कर्तव्य टाकतो, पण ते न पाळणाऱ्या पालकाला दंडाची तरतूद त्यात नाही. हा कायदा ६ ते १४ वयापुरता, त्यामुळे नववीतला तुमचा मुलगा त्याच्या कडेला किंवा बाहेरच असेल. त्यातलं एक कलम मात्र नववी-दहावीतही पाळलं जावं असं मला वाटतं: हजेरी कशी आहे हे शिक्षकांनी पालकांना बैठकीत नियमित सांगायचं.

हजेरीपट नीट वाचला तर काय दिसतं ते सांगतो. आमच्या भागातल्या एका हायस्कुलात एक मुलगा वारंवार गैरहजर असायचा. वाया गेलाय, असं सगळे म्हणत. वर्गशिक्षिकेने हजेरीपट उघडून नुसतं बोट फिरवलं, तर गैरहजेरी जवळजवळ सगळी शुक्रवारची. शुक्रवार म्हणजे म्हापशाचा बाजार. सकाळची बस टोपल्यांनी आणि माणसांनी भरून यायची, त्याच्या थांब्यावर थांबतच नसे. पुढच्या बसने पोचेपर्यंत प्रार्थना संपून फाटक बंद, आणि उशिरा येणाऱ्याने पालकाला घेऊन यायचं असा नियम. आई त्याआधीच भाजी घेऊन बाजारात गेलेली. मुलगा दुपारपर्यंत तिठ्यावर बसायचा आणि शाळा सुटायच्या वेळी घरी यायचा. शुक्रवारी उशिरा येणाऱ्यांना आत घेऊन वेळ लिहून ठेवायला सुरुवात झाली, आणि त्याचे शुक्रवार भरू लागले. दंडाची पावती गेली असती तर ती त्या बाजारात बसलेल्या माउलीकडे गेली असती.

तेव्हा तुम्ही वर्गशिक्षकांकडून गेल्या काही महिन्यांची हजेरी मागून घ्या. कोणते वार, कोणत्या विषयाचे तास, परीक्षेच्या आधी की नंतर, हे मुलाला बाजूला बसवून पाहा. रागावू नका, आधी ऐकून घ्या. कोणी मारतंय, छळतंय असं कळलं तर मुख्याध्यापकांना लेखी द्या. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करायलाही संकोच करू नका. दिवसा कुठे काम करतो का तेही विचारा. १४ वर्षांखाली ते बेकायदा आहे, फक्त शाळेनंतर किंवा सुट्टीत घरच्या धंद्यात हातभार चालतो. त्याहून मोठ्या मुलांना धोक्याची कामं वर्ज्य.

ग्रामसभेत नुसता विरोध करू नका, पर्यायी ठराव मांडा. पंचायतीने शाळेबरोबर बसून दांड्यांची कारणं शोधावीत, सकाळच्या बसबद्दल लेखी मागणी करावी, मैदानावरचे दिवे दुरुस्त करावेत. तुमचं म्हणणं इतिवृत्तात नोंदवायला सचिवांना तिथेच सांगा. मूळ ठराव मंजूर झालाच आणि कोणी दंड मागायला आलं, तर पैसे देण्याआधी कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली मागताय ते कागदावर लिहून घ्या, आणि तो कागद जोडून गटविकास अधिकाऱ्यांकडे अर्ज द्या.