हतनूरच्या बेटांवर कुठल्या पाण्याला काय दिसेल

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: जळगाव जिल्ह्यात भुसावळजवळच्या हतनूर धरणातल्या बेटांवरचे पक्षी वर्षभर बघायचे तर कोणत्या महिन्यात यावं, आणि होडी करून बेटावर उतरता येईल का. दुसऱ्याचं उत्तर आधी. फेब्रुवारीअखेरपासून पाऊस लागेपर्यंत बेटावर पाय ठेवू नका. बाकीच्या काळात उतरून काही मिळत नाही, काठावरून आणि होडीतून जास्त दिसतं.

महिन्याचा हिशोब मात्र इथे चालत नाही. ही बेटं म्हणजे तापी-पूर्णेने आणून टाकलेल्या गाळाचे उंचवटे. धरण भरलं, म्हणजे पातळी 214 मीटरला टेकली, की त्यातली बरीचशी पाण्याखाली जातात. कालव्याला पाणी सुटलं की एकेक करून पाठ वर काढतात. एखाद्या वर्षी जानेवारीत दिसलेलं बेट दुसऱ्या वर्षी मार्चपर्यंत वर येत नाही. म्हणून निघण्याआधी पातळी बघा. पावसाळ्यात 41 पैकी किती दरवाजे उघडे आहेत हे जळगावच्या पेपरात रोज येतं. बाकी वर्षभर काठावरच्या मासेमाराला फोन करणं सगळ्यात भरवशाचं.

जुलै ते सप्टेंबर बेटांचा विषय सोडा. पाणी गढूळ, ओढ जोरात, वर बऱ्हाणपूरकडे पाऊस झाला की काही तासांत चित्र बदलतं. दरवाजे उघडे असताना पातळी खाली राहते आणि कडेचा चिखल उघडा पडतो. ऑगस्ट-सप्टेंबरात तुतवार, टिलवे हे चिखलात चरणारे छोटे पक्षी आणि लवकर पोचणारे भुवई बदक बघायचे ते तिथे.

ऑक्टोबरात धरण तुडुंब असतं आणि बदकं यायला लागतात. नवखे इथेच फसतात. या दिवसांत बरेच नर मादीसारखेच मातकट दिसतात, त्यांची रंगीत पिसं अजून आलेली नसतात. तेव्हा डोक्याचा रंग सोडा, चोच आणि पंखावरचा पट्टा बघा. थापट्या बदकाची फावड्यासारखी चोच कुठल्याही पिसाऱ्यात लपत नाही. मोठी लालसरी या बदकाचा नर मातकट असला तरी चोच लाल असते. वारकरी हा पाणपक्षी ओळखायला सोपा: काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा. पलीकडे मुक्ताईचं देऊळ असताना हे नाव फारच शोभून दिसतं.

डिसेंबर-जानेवारीत पहिली बेटं डोकं काढतात आणि पट्टकदंब त्यांवर येऊन बसतात. हे हंस दुपारभर बेटावर झोपा काढतात आणि अंधार पडता पडता हरभऱ्या-गव्हाच्या शेतात चरायला निघतात. सकाळी दहाला येऊन ‘नुसते बसलेत’ म्हणणाऱ्यांनी सूर्यास्ताआधी तासभर यावं. आधी माना वर होतात, मग कलकलाट वाढतो, मग एकेक तुकडी डोक्यावरून जाते. मोजणीही तेव्हाच सोपी पडते: दहा पक्ष्यांचा एक गठ्ठा नजरेत बसवा आणि तेवढे गठ्ठे मोजा. बसलेल्या थव्यात मागचे पक्षी पुढच्यांआड जातात आणि आकडा हमखास कमी भरतो.

जागा निवडताना एवढंच लक्षात ठेवा की हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो. दक्षिण काठावरून उत्तरेकडे बघितलंत तर प्रकाश बहुतेक दिवसभर पाठीशी राहतो. उत्तर काठावरून तीच बदकं दुपारी काळ्या ठिपक्यांसारखी दिसतात. 8x42 ची दुर्बीण पुरते. बेटावरचे चिखल्ये, म्हणजे काठावर पळणारे छोटे पक्षी, वेगळे करायचे तर 20-60 पट मोठं दाखवणारा स्कोप आणि जड तिकाटणं लागेल, कारण पाण्यावरचा वारा हलकं तिकाटणं थरथरवतो. छोट्या कंठेरी चिखल्याच्या डोळ्याभोवती पिवळं कडं आणि छातीवर सलग काळा पट्टा असतो. केंटिश चिखल्याचा पट्टा मध्ये तुटलेला असतो.

आता उन्हाळा. खरं बेट या दिवसांतलंच, आणि चुकाही सगळ्यात जास्त याच दिवसांत होतात. नदी सुरय, छोटा आर्ली, मोठा करवानक हे पक्षी उघड्या वाळूवर अंडी घालतात. घरटं म्हणजे नुसता खळगा, काडी नाही की गवत नाही. सुरयाची अंडी साधारण तीन, मातकट, त्यावर तपकिरी डाग. दोन पावलांवरूनही ती खडे वाटतात. भुसावळकडचा पारा 44-45 वर गेला की वाळू हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. दुपारी पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब द्यायला नव्हे, सावली धरायला. मधूनच पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवतो आणि ओल्या पोटाने परत येऊन बसतो. तुम्ही बेटावर चाललात की सगळी वसाहत उठते, आणि काही मिनिटांचं ऊनही अंड्यातल्या जिवाला पुरतं. शिवाय कावळे टपलेलेच असतात. 1972 च्या वन्यजीव कायद्यात अंडी-घरट्यांना त्रास देणं हीसुद्धा शिकारच धरली आहे.

चुकून उतरला असाल आणि आर्ली समोर पंख मोडल्यासारखा फरफटत निघाला, तर त्याच्या मागे जाऊ नका आणि फोटोही नको. तो तुम्हाला लांब न्यायला जखमी असल्याचं नाटक करतोय, खळगा जवळपासच आहे. थांबा, आणि आलात त्याच पावलांवरून मागे फिरा.

होडीवाल्याला आधीच सांगून ठेवा, “दादा, लांबून वळसा घाला, नाक बेटाकडे करू नका.” सरळ अंगावर येणाऱ्या होडीला पक्षी लवकर उठतात, तिरक्या जाणाऱ्या होडीला उशिरा. शंभरेक मीटर आधी इंजिन बंद, पुढे वल्ह्याने. बसलेल्यांच्या माना ताठ झाल्या की तिथेच थांबा. पाण्यात ओळीने तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या बाटल्या म्हणजे खाली जाळं, त्यावरून जायचं नाही. लाइफ जॅकेट नसेल तर होडीच नको. उन्हाळ्यात साडेआठनंतर वाळूवरची हवा थरथरते आणि स्कोपमधून सगळं वितळल्यासारखं दिसतं, त्यामुळे पहाटे पोचून नऊला परतणं बरं.

एप्रिल-मेमध्ये पाणी फार उतरलं की बेट काठाला जोडलं जातं. मग कुत्री चालत येतात, गुरं येतात, गाळपेरीचं, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात टरबूज-काकडी लावायचं काम येतं आणि वसाहत रिकामी होते. उलट जूनमध्ये पहिला लोंढा आला की उशिराची अंडी वाहून जातात. गाळपेरीवाल्यांशी भांडू नका. खळग्याशेजारी काठी रोवून ‘एवढं सोडा’ म्हटलं तर बहुतेक जण नांगर वळवतात. काठी मात्र बुटकी हवी आणि दोन-तीन मीटर बाजूला, नाहीतर कावळ्याला बसायला ठाण मिळतं.

चिखलाबद्दल एकच: भेगा पडलेला पोपडा दिसला म्हणून जमीन टणक समजू नका, खाली मांडीभर गाळ असू शकतो. काठीने टोचूनच पाऊल टाका. धरणाच्या भिंतीकडे आणि दरवाज्यांकडे कॅमेरा नेऊ नका, ड्रोन तर नाहीच.

पाणी फार असल्यामुळे इथे काही दिसत नसेल त्या आठवड्यात जळगावचा मेहरूण किंवा धुळ्याचा नकाणे तलाव गाठा. आणि यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना पक्ष्यांच्या आकड्याशेजारी त्या दिवशीची पातळी लिहा. घरट्याची नेमकी जागा मात्र लिहू नका.