मॉर्फिन मिळत नाही, ते परवाना शुल्कामुळे का?

प्रश्न : वडिलांना कर्करोग आहे. डॉक्टरांनी वेदनेसाठी मॉर्फिनच्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्या लिहून दिल्या. परंतु सात रस्ता परिसरातील चार औषध दुकानांत त्या मिळाल्या नाहीत. “सरकारी फी भरून तो परवाना कोण घेणार?” असे एका दुकानदाराने सांगितले. शासनाने हे शुल्क माफ केल्यास औषध मिळेल का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : केवळ शुल्क माफ करून ते मिळेल, असे मला वाटत नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने ज्या अफूपासून मॉर्फिन बनते तिची लागवड केंद्राच्या अखत्यारीत ठेवली. मात्र राज्यात असे औषध बाळगणे, नेणे व विकणे यांचे परवाने कोणी, कोणत्या अटींवर द्यायचे आणि त्यासाठी किती शुल्क आकारायचे, हे ठरविण्याचा अधिकार कलम १० अन्वये राज्यांना दिला. त्यामुळे रुग्णालयांना साठ्याचा एक, वाहतुकीचा दुसरा आणि परराज्यातून माल आणण्याचा तिसरा असे निरनिराळे परवाने काढावे लागत, आणि शेवटचा हाती पडेपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली असे. औषध अडले ते या हेलपाट्यांत व कारवाईच्या धास्तीत. शुल्क हा त्यातला लहान भाग होता.

२०१४ च्या दुरुस्तीनंतर मॉर्फिन, फेंटॅनिल, कोडीन यांसह सहा औषधे ‘अत्यावश्यक’ ठरली आणि २०१५ पासून त्यांना देशभर एकच नियम लागू झाले. वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर असलेल्या संस्थेस राज्याच्या औषध नियंत्रकांनी मान्यता दिली, की तिला वेगवेगळे परवाने लागत नाहीत. तिच्या नोंदवहीत मात्र आलेली, दिलेली व शिल्लक अशी प्रत्येक गोळी जुळावी लागते. ही शिस्त मला योग्यच वाटते. दुकानदार कचरतात, तेही समजण्यासारखे आहे.

म्हणून आपण दुकाने पालथी घालू नयेत. अशी मान्यताप्राप्त संस्था जवळ कोणती, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आणि अन्न व औषध प्रशासनाच्या सोलापूर कार्यालयातील सहायक आयुक्तांना (औषधे) विचारावे. नोंदणीकृत डॉक्टरलाही आपल्या रुग्णांसाठी ५०० मिलिग्रॅमपर्यंत मॉर्फिन जवळ ठेवता येते. हा साठा ५० गोळ्यांचा होतो, म्हणजे दर चार तासांनी एक गोळी घेणाऱ्या रुग्णास तो जेमतेम आठ दिवस पुरेल. तेव्हा त्यावर विसंबून चालणार नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध घेण्यासाठी आपल्या वडिलांना कोणताही परवाना काढावा लागत नाही. चिठ्ठी आणि पावती मात्र गोळ्यांसोबतच ठेवावी.