अलॉय व्हीलचं नंतर बघू, आधी सीएनजीचं बोला

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांपूर्वी नाशिकला सेकंडहँड पेट्रोल गाडी घेतली, तिला अलॉय व्हील, टचस्क्रीन आणि रिव्हर्स कॅमेरा बसवून घेतला, पुढच्या महिन्यात पॉलिसी रिन्यू करायचीय, एजंट म्हणतो काही सांगू नका प्रीमियम वाढेल आणि मेव्हणे म्हणतात न सांगितलं तर अख्खा क्लेम बुडेल. आणि शेवटी जाता जाता एक ओळ, की आधीच्या मालकाने सीएनजी किट लावलंय पण आरसीवर अजून नुसतं पेट्रोल आहे. मला काळजी वाटते ती या शेवटच्या ओळीची.

टचस्क्रीन, कॅमेरा वगैरे ॲक्सेसरीज आहेत. त्या कळवल्या नाहीत तर चोरी झाल्यावर किंवा फुटल्यावर त्यांचे पैसे मिळणार नाहीत, पण त्यामुळे ठोकलेल्या बंपरचा क्लेम नाकारणं कंपनीला जड जातं. अलॉयचा साइज तेवढा बघा, तुमच्या मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीच जो देते त्यात बसत असेल तर फार चिंता नाही, त्याहून मोठा असेल तर मूळची चाकं परत लावा असंच मी सांगेन.

सीएनजीचं मात्र तसं नाही. इंधन हा आरसीवरचा तपशील आहे, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल केला की १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची असते. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. किट आधीच्या मालकाने लावलं हे खरं, पण आज आरसीवर नाव तुमचं आहे. आणि विमा कंपनीच्या दृष्टीने गॅसचं किट ही जोखीम बदलणारी गोष्ट आहे, रिन्यूअलच्या फॉर्मवर सीएनजी आहे का या प्रश्नाला 'नाही' लिहिलं आणि उद्या गाडीला आग लागली तर तुमची बाजू कोर्टात लढवणं फार अवघड होतं. एवढंच नाही, गाडीखाली कोणी जखमी झालं तर महत्त्वाची माहिती लपवली हा बचाव कंपनी तिथेही घेऊ शकते, आणि भरपाईचा बोजा तुमच्यावर येऊ शकतो.

आणि हे सगळं किती रुपयांसाठी? जुन्या मोटर टॅरिफप्रमाणे किटच्या किमतीच्या ४ टक्के आणि थर्ड पार्टीचे (दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याचे) ६० रुपये, म्हणजे ४०,००० चं किट धरलं तर १,६६० रुपये आणि वर जीएसटी. आता ओन डॅमेजचे, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे दर कंपनीगणिक बदलतात, पण आकडा साधारण याच घरात. एवढ्यासाठी माणसाला खोटं लिहायला लावणारा एजंट तुमचं भलं करत नाहीये, क्लेमच्या दिवशी सही तुमची दिसते त्याची नाही.

आता काय करायचं. आधीच्या मालकाकडून किटचं बिल आणि मंजुरीचं सर्टिफिकेट मागा. सिलेंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने केलेली मजबुतीची तपासणी) दर तीन वर्षांनी लागते, ती कधी झाली बघा. किट तुमच्या मॉडेलसाठी मंजूरच नसेल किंवा कागद मिळतच नसतील तर ते अधिकृत सेंटरमध्ये काढून टाका, दुसरा सरळ रस्ता मला दिसत नाही. कागद असतील तर आरटीओत नोंद करा आणि मग तीच आरसी जोडून कंपनीला ईमेल करा, रिन्यूअलची वाट बघायची गरज नाही, चालू पॉलिसीतही एंडोर्समेंट, म्हणजे बदलाची नोंद होते. त्याच ईमेलमध्ये अलॉय, टचस्क्रीन, कॅमेरा यांची बिलं आणि फोटो टाका. एजंटला तोंडी सांगितलं याला काही अर्थ नाही, नवीन पॉलिसीत सीएनजीच्या रकान्यात रक्कम छापून आलीय का ते स्वतः बघा. हे होईपर्यंत गाडी पेट्रोलवरच चालवा आणि सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद ठेवा, याने कायद्याची अडचण सुटत नाही पण निदान जिवाचा धोका कमी होतो.

ॲक्सेसरीजवरून कोणी क्लेम पूर्ण नाकारलाच तर गप्प बसू नका. २०१० च्या अमलेंदु साहू केसमध्ये सुप्रीम कोर्टाने पॉलिसीची अट मोडली एवढ्यावरून क्लेम साफ फेटाळू दिला नाही, क्लेम नॉन-स्टँडर्ड (अटी पूर्ण न पाळलेला) धरून काही रक्कम द्यायला लावली. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी. त्यांची ऑफिसं मुंबईत आणि पुण्यात आहेत, फी नाही, वकीलही लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात, फक्त नकार आल्यापासून एक वर्षाच्या आत जायचं. ग्राहक आयोगासाठी दोन वर्षं मिळतात.