पैऱ्यानं उभं राहणारं घर

वाचकांचे प्रश्न : घरबांधणी

प्रश्न : काका, नमस्कार. आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडे. २०१९ च्या ऑगस्टातल्या पावसात आमच्या जुन्या घराची पश्चिमेची मातीची भिंत बसली. तेव्हापासून पुढच्या दोन खोल्यांत दिवस काढतोय. आता त्याच जागी सहाशे चौरस फुटांचं घर बांधायचं आहे. उन्हाळ्यात गार राहील आणि लाईटबिल कमी येईल असं हवं. गल्लीतली माणसं आणि बचत गटातल्या बायका म्हणतात, आम्ही हात लावतो. कंत्राटदार म्हणतो, लोकांच्या भरवशावर घर होत नाही, सरळ स्लॅब घाला. भाऊबंद म्हणतात, परत मातीच? काय करू?

उत्तर : ताई, तुमची भिंत मी पाहिलेली नाही. पण त्या वर्षी आपल्या भागात बसलेल्या बऱ्याच भिंती पाहिल्या. बहुतेक ठिकाणी मातीचा दोष नव्हता. जोतं बुटकं, पावळी आखूड आणि पश्चिमेची झड थेट अंगावर. तळ भिजला की वरचं वजन पेलवत नाही. आपल्या आजोबांची घरं टिकली ती दगडी जोत्यामुळे आणि पावसाआधी पश्चिमेला बांधायच्या गवताच्या ताट्यांमुळे. ताट्या बांधणं आपण सोडलं. म्हणून नव्या घराचं जोतं चिऱ्याचं किंवा काळ्या दगडाचं, निदान दोन फूट उंच घ्या आणि पश्चिमेची पावळी तीन फूट बाहेर काढा. त्या बाजूला पडवी निघाली तर फारच उत्तम. पावसाळ्यात झड ती झेलेल आणि उन्हाळ्यात दुपारचं ऊन.

कंत्राटदाराचं अर्धं खरं आहे. माणसं येतात, पण कोणी काय करायचं ते ठरलेलं नसलं की चार दिवसांत पांगतात. पाया, कोपरे, ओळंबा, दार-खिडक्यांच्या वरून जाणारा सळ्या-काँक्रीटचा सलग पट्टा (लिंटल) आणि छपराचं लाकूड ही कामं पगारी गवंड्याची आणि सुताराची. तिथे काटकसर करू नका. माती खणणं, चाळणं, कालवणं, ब्लॉक दाबणं, पाणी मारणं, कौलं चढवणं ही कामं पैऱ्याची, म्हणजे गावानं आळीपाळीनं एकमेकांकडे करायच्या श्रमाची.

भिंतीला दाबलेल्या मातीचे ब्लॉक घ्या. मातीत शंभराला सात भाग सिमेंट मिसळून हातयंत्रात दाबतात. भट्टी नाही, त्यामुळे लाकूडफाटा जळत नाही. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये १९७४ साली ‘अस्त्र’ नावाचं केंद्र निघालं. खेड्यांना परवडेल असं तंत्र शोधण्यासाठीच ते होतं, आणि तिथल्या मंडळींनी या ब्लॉकवर वर्षानुवर्षं काम केलं. तेव्हा ‘परत मातीच’ म्हणणाऱ्यांना सांगा, ही पाण्यानं विरघळणारी माती नव्हे.

नऊ बाय साडेसात बाय चार इंचांचा ब्लॉक धरला तर तुमच्या घराला साधारण चार हजार लागतील. सिमेंटची पन्नासेक पोती. सहा-सात माणसांचा जमलेला गट दिवसाला चारशे-पाचशे काढतो. म्हणजे दहा दिवसांचं काम. कंत्राटदाराला हा हिशेब दाखवा.

माती आधी तपासा. वरची दोनेक फूट मुळांची माती बाजूला काढून परड्याला ठेवा. खालची लाल माती काचेच्या बाटलीत एक तृतीयांश भरा, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून हलवा आणि रात्रभर ठेवा. वाळू तळाला बसते, चिकणमाती सगळ्यात वर. वाळू दोन तृतीयांशाच्या आसपास हवी. चिकणमाती जास्त दिसली तर क्रशरची कच मिसळा. काळी माती मात्र कोणी फुकट दिली तरी नको. ती पाण्यानं फुगते आणि वाळली की भेगाळते.

भाताची मळणी आटोपली की जानेवारीत सुरुवात करा. तेव्हा माणसं मोकळी असतात. ब्लॉक सावलीत रचून तीन आठवडे ओले ठेवावे लागतात. बहिणीच्या घराच्या वेळी मी एप्रिलपर्यंत रेंगाळलो. एका संध्याकाळी वळीव आला आणि त्याच दिवशी दाबलेले, उघड्यावर ठेवलेले तीनशे ब्लॉक चिखल होऊन गेले. ज्या बायकांनी ते दाबले होते त्यांच्यासमोर दुसऱ्या दिवशी उभं राहणं फार जड गेलं. ताडपत्री पहिल्या दिवशीच आणा.

छपराला कौलंच घाला असं माझं मन सांगतं. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री तीच ऊब खोलीत सोडतो. कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते. माझे वडील खानापुरात कौलांच्या कारखान्यात भट्टीवर कामाला होते. कौल बोटावर तोलून ते दुसऱ्या हातानं टिचकी मारत. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर चीर. तुमची जुनी मंगळुरी कौलं अशीच निवडून घ्या. शंभर चौरस फुटांना दीडशे लागतात. स्वयंपाकघरावर दोन काचेची कौलं बसवा, दिवसा दिवा लावावा लागणार नाही. पण तुमच्या बाजूला माकडांचा उच्छाद असेल तर हट्ट धरू नका. स्लॅबच्या खालच्या भागात तीच कौलं भरावाला घाला. काँक्रीट पाचवा हिस्सा वाचतं आणि ऊन थोडं अडतं.

पैऱ्याचं एक सांगायला हवं. पैरा म्हणजे फुकटची मदत नव्हे. एक वही ठेवा, कोण किती दिवस आलं ते तारखेनिशी लिहा. दुपारी भाकरी-आमटी तुमच्याकडे. आणि पुढच्या वर्षी त्यातल्या कोणाचं छप्पर, कोणाची लावणी निघाली की तितके दिवस तुमच्या घरातलं माणूस तिथे गेलं पाहिजे. हे राहिलं की गावात पुन्हा कोणी कोणाच्या घराला हात लावत नाही. मी हे होताना पाहिलंय.

काम काढण्याआधी पंचायतीतून घर-जागेच्या नोंदीचे नऊ आणि अकरा नंबरचे उतारे घ्या. ते कन्नडात असतात. जाणत्याकडून मोजमाप आणि नाव वाचून घ्या.

प्रश्न : आमचं बेळगावात शहापूरला घर. गृहज्योतीत लाईट फुकट आहे, मग छतावर सोलर घ्यावं का?

उत्तर : कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत सगळ्यांना सरसकट २०० युनिट फुकट मिळत नाहीत. तुमची जुनी सरासरी आणि वर थोडी वाढ, तेही २०० च्या आतच. २०० ओलांडलं की पूर्ण बिल. तुमची सरासरी सत्तर-ऐंशी असेल तर सोलरची घाई नको. आधी पश्चिमेच्या खिडक्यांवर सावली करा आणि पंचाहत्तर वॅटचे जुने पंखे काढून पस्तीस वॅटच्या आतले बसवा. दोन किलोवॅटचा गीझर रोज तासभर चालला तर महिन्याला साठ युनिट जातात, ते सोलर बंबानं वाचतील. वापर २०० च्या वर असेल तर मात्र पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. त्याला तीनशे चौरस फूट सावली नसलेलं छत लागतं. शेजारच्या माडाची सावली दुपारी कुठे पडते ते आधी गच्चीवर चढून बघा.