पेडोच्या (लहान मुलांच्या दातांच्या विभागातल्या) पोस्टिंगला मुलं तोंड उघडत नाहीत, आणि टेन्शनने माझंच तोंड आलंय. काय करू?

तू लिहिलंयस की बीडीएसच्या शेवटच्या वर्षाला आहेस, नाशिकलाच शिकतेस, पेडोचा कोटा, म्हणजे सही घेऊन पूर्ण करायच्या केसेस, अर्धाही झालेला नाही, मूल रडायला लागलं की तूच घाबरून जातेस आणि परीक्षा जवळ आली की तुझं तोंड येतं. शेवटी विचारलंयस, ‘मुलाचे हात धरून काम उरकून टाकावं का?’

नाही. त्या एका वाक्यासाठीच मी हे लिहायला बसले आहे. तुला तू म्हणते, ज्युनिअर आहेस.

इंटर्नशिप संपल्यावर मी पंचवटीतल्या एका क्लिनिकमध्ये नोकरीला लागले. तिथल्या सरांचा हात फार चांगला. रूट कॅनल तर बघत राहावं असं करायचे. पण लहान मूल आलं की त्यांचं एकच ठरलेलं: एकाने पाय धरायचे, एकाने हात, आणि फारच ओरडलं तर तोंडावर हात ठेवायचा. कुणी काही बोललं की म्हणायचे, ‘पुस्तकात दिलंय.’

द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीनंतरचे दिवस होते. दिंडोरीकडचे एक शेतकरी सात वर्षांच्या मुलाला घेऊन आले. खालची शेवटची दुधाची दाढ पोखरलेली, जेवताना घास अडकला की पोरगा कळवळायचा. त्याने खुर्ची पाहिली आणि वडिलांच्या पायाला जी मिठी मारली ती सोडेना. सर म्हणाले, घ्या धरून, दहा मिनिटांचं काम आहे. मी नाही म्हटलं. सरांना नाही म्हणणं एक वेळ सोपं होतं, वडिलांना म्हणणं जड गेलं. ते म्हणाले, ‘धरा दाबून, मॅडम. आभाळ आलंय, डावणी पडली तर बाग जाईल. मला परत परत यायला नाही जमायचं.’

डावणी म्हणजे द्राक्षांवरचा बुरशीचा रोग. त्यांचं काय चूक होतं? फवारणीच्या दिवसात शेतकऱ्याचा एक दिवस मोडणं म्हणजे काय, हे नाशिकमध्ये वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. मी त्यांना विचारलं, शहरात एरवी येणं कधी होतं? थोडा टोमॅटोही होता त्यांचा, क्रेट घेऊन मार्केट यार्डात यावंच लागायचं. मग ठरलं, क्रेट आणताना पोरालाही गाडीत बसवायचं आणि लिलाव होईपर्यंत तो माझ्याकडे राहील.

पहिल्या दिवशी वडिलांच्या मांडीवर बसवूनच मी त्याचे दात मोजले. स्पून एक्स्कॅव्हेटरने पोकळीतलं अडकलेलं अन्न आणि मऊ कीड काढली, तात्पुरतं सिमेंट भरलं. बस, तेवढंच. सरांच्या हिशोबात तो दिवस फुकट गेला.

पुढच्या वेळी थ्री-वे सिरिंज त्याच्याच हातात दिली. हवा आणि पाणी एकदम सोडलं की फवारा उडतो. तो त्याने आधी माझ्या ग्लोव्हजवर मारला, मग स्वतःच्या नखावर, आणि ओरडला, ‘हा तर ब्लोअर!’ बागेत औषध मारायचा ब्लोअर त्याच्या रोजच्या पाहण्यातला. तिथून पुढे तोच मला समजावायला लागला की फार जवळून मारला तर पानं फाटतात, लांबून धरायचा असतो. ‘आधी सांगा, मग दाखवा, मग करा’ हे अ‍ॅडलस्टनने 1959 मध्येच लिहून ठेवलंय आणि तुझं ते पाठ असणार. पण ‘दाखवा’ म्हणजे आपण दाखवायचं, एवढंच आपण शिकतो. वस्तू त्याच्या हातात द्यायची आणि त्याला काय दिसतं ते ऐकायचं, ही खरी मेहनत आहे.

मग एक करार केला. डावा हात वर केलास की मी थांबणार. त्याने लगेच हात वर करून बघितला. मी थांबले. पुन्हा वर केला, पुन्हा थांबले. सर दारातून बघत होते. नंतर म्हणाले, ‘खेळ लावलाय का इथे?’ पण इंजेक्शनच्या दिवशी त्याचा हात वर आला नाही. ‘काही होणार नाही’ असं मी म्हटलंच नव्हतं. चिमटा काढल्यासारखं वाटेल, मी मोजते, मोजणं संपलं की संपलं, असं सांगितलं होतं आणि तसंच केलं. भुलीचं जेल लावून थांबायचं, आणि एक मिली सोल्युशन सोडायला किमान एक मिनिट घ्यायचं. घाईने ढकललेलं इंजेक्शन सुईपेक्षा जास्त दुखतं. पल्पोटॉमी (दाढेच्या नसेचा वरचा खराब भाग काढणं) झाली, वर स्टीलची टोपी बसली. ती टोपी दाखवत तो शाळेभर तोंड उघडून फिरला, असं त्याचे वडील सांगत होते.

सरांचा आणि माझा वाद मात्र अजून मिटलेला नाही. डॉक्टरांच्या ग्रुपवर ते आजही लिहितात की हल्लीची पोरं लाडावलीत आणि हल्लीचे डेंटिस्टही. म्हणून इथे लिहून ठेवते: तोंडावर हात ठेवण्याची पद्धत अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक डेंटिस्ट्रीने 2006 मध्येच आपल्या मार्गदर्शक तत्त्वांतून काढून टाकली. मी नोकरीला लागले ते त्यानंतर. ‘पुस्तकात दिलंय’ हे तेव्हाही खरं नव्हतं. आणि ‘दुधाचाच दात आहे, पडणारच’ हा त्यांचा दुसरा मुद्दा. ती शेवटची दुधाची दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत पक्क्या दाताची जागा राखते. ती वेळेआधी गेली की मागची सहाव्या वर्षी येणारी दाढ पुढे सरकते आणि पुढे तेच पालक तारांच्या खर्चाला येतात.

आता तुझ्या तोंडाचं. ताणाचा संबंध असतो का, तर असतो. अमेरिकेतल्या ओहायोमध्ये 11 डेंटल विद्यार्थ्यांच्या टाळूला 3.5 मिलिमीटरची छोटी जखम केली होती, एकदा उन्हाळी सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तीन दिवस आधी. परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी तीन दिवस जास्त लागले, म्हणजे सुमारे 40 टक्के जास्त वेळ. एकाचीही जखम सुट्टीतल्या वेगाने भरली नाही. 1998 मध्ये हे छापून आलं. त्याच वर्षी जर्मनीतूनही परीक्षेच्या काळात हिरड्यांची सूज वाढते असं प्रसिद्ध झालं. तेव्हा झोप, वेळेवर जेवण, रात्रीचं ब्रश करणं चुकवू नकोस, बी-12 आणि हिमोग्लोबिन तपासून घे, आणि एखादा छाला दोन आठवड्यांत गेला नाही तर ओरल मेडिसिनला (तोंडाच्या आजारांच्या विभागात) दाखव. एवढंच, त्यात वेगळं काही नाही.

पण माझं म्हणणं असं की तुझे दोन प्रश्न एकच आहेत. डोक्यात सहीचा विचार असला की हात घाई करतो, आणि ती घाई मुलाला आपल्याआधी कळते. मूल किती साथ देतं ते नोंदवायची फ्रँकलची मोजपट्टी 1962 पासून आहे, आपण केस पेपरवर मुलाच्या नावापुढे दोन वजा, म्हणजे अजिबात साथ नाही, असं लिहून मोकळे होतो. पहिल्या भेटीच्या त्या आकड्यावरून मूल फार कमी कळतं. त्याच मुलाचं दुसऱ्या-तिसऱ्या भेटीचं फ्रँकल शेजारी लिही, मग काय झालं ते दिसेल. आपल्या आरोग्य विद्यापीठाची इमारत म्हसरूळला, टोमॅटोचे क्रेट ज्या दिंडोरी रोडने शहरात येतात त्याच रस्त्यावर आहे. मुलाला तयार करण्यात गेलेली भेटही काम म्हणून मोजा, हे तिथे कुणीतरी ठासून मांडायला हवं. भरलेल्या दातांवरच कोटा मोजला तर विद्यार्थी हात धरणारच.

हे सगळं सरसकट लागू नाही, तेही सांगते. गालावर सूज आहे, ताप आहे, तर तीन भेटींची वाट बघायची नाही, लगेच तुझ्या विभागातल्या सरांना बोलव. तीन वर्षांच्या आतलं मूल किंवा विशेष मूल असेल तर गणित वेगळं, तिथे भुलेखाली काम करणं कधी कधी जास्त दयाळूपणाचं असतं. आणि एअरोटर (दात कोरायचं वेगाने फिरणारं यंत्र) चालू असताना मुलाने अचानक मान फिरवली तर डोक्याला हात लावावाच लागतो, तो मी पण लावते. पालकांना आधी सांगून, तेवढ्यापुरता.

उद्या पोस्टिंगला मूल बसलंच नाही तर लॉगबुकमध्ये ‘आज दात मोजले, थ्री-वे हाताळू दिली, फ्रँकल अमुक’ असं तारखेसह लिही आणि त्यावर सही माग. नाही मिळाली तर का नाही, ते विचार. माझं नाव सांगितलंस तरी चालेल.