वाचकांचे प्रश्न : पहिल्या कादंबऱ्या

प्रश्न : मराठीत सामाजिक, अद्भुतरम्य आणि ऐतिहासिक कादंबरीचा आरंभ कोणी केला?

उत्तर : बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ (1857) ही पहिली सामाजिक कादंबरी मानली जाते. हिंदू विधवांच्या हालअपेष्टा तीत यमुना या नायिकेच्या प्रवासाच्या निमित्ताने उलगडत जातात. लेखकाचा ख्रिस्ती धर्मप्रचाराचा हेतू मात्र लपत नाही आणि कथानक त्यामुळे अधूनमधून अडखळते, असे आम्हांस वाटते. लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाला’ने (1861) अद्भुतरम्य कथेची वाट रुळवली. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ (1871) ही शिवकालावरील पहिली ऐतिहासिक कादंबरी होय. आजच्या वाचकाने, भाषेच्या जुन्या वळणाला न बिचकता, सुरुवात ‘मोचनगड’पासूनच करावी.