मॉडबसवरून वाचलेले तापमान २५.५ ऐवजी जवळजवळ शून्य का दिसते?

तापमान वाचताना तुम्हाला कंट्रोलरकडून आधी ० आणि मग १६८४४ असे दोन आकडे मिळतात, असे तुम्ही कळवले आहे. त्यावरून तुमचा कंट्रोलर बिघडलेला नसून शब्दक्रम (१६ बिटांच्या दोन तुकड्यांचा क्रम) उलटा लागला असावा असे दिसते. १९७९ मध्ये मॉडिकॉन कंपनीने आणलेल्या मॉडबस या औद्योगिक उपकरणांच्या संवाद-पद्धतीत प्रत्येक रजिस्टर (मूल्य ठेवण्याचा कप्पा) १६ बिटांचे असते, त्यामुळे ३२ बिटांची दशांश संख्या दोन रजिस्टरांत विभागून पाठवावी लागते. रजिस्टरमधला वरचा बाइट आधी जातो हे प्रमाणकाने ठरवले आहे, परंतु दोन रजिस्टरांपैकी आधी कोणते हे ठरवलेले नाही, आणि उत्पादकांनी या मोकळीकीचा पुरेपूर फायदा घेतला आहे. २५.५ ही संख्या १६८४४ आणि ० अशा दोन रजिस्टरांत बसते. तुम्हाला ० आधी आणि १६८४४ नंतर मिळत आहे, म्हणून ते त्याच क्रमाने जोडल्यास शून्याला चिकटलेली अतिसूक्ष्म संख्या तयार होते. पायथनमध्ये दोन्ही मूल्यांची अदलाबदल करून ती स्ट्रक्ट मॉड्यूलने चार बाइटांत भरा आणि बिग-एंडियन (वरचा बाइट आधी) फ्लोट म्हणजे दशांश संख्या म्हणून उलगडा.

क्रम बदलूनही आकडा जुळला नाही, तर रजिस्टरचा पत्ता तपासा: माहितीपुस्तिकेतील ४०००१ हा क्रमांक प्रत्यक्ष संदेशात ० म्हणून जातो. काही उपकरणे दशांश संख्या न पाठवता दहापट केलेला पूर्णांक पाठवतात. तिथे उणे ५ अंश म्हणजे उणे ५०, आणि तो चिन्हविरहित (उणे चिन्ह न मानता) वाचला की ६५४८६ दिसतो. जेसनमध्ये (माहिती देवाणघेवाणीच्या मजकूर-स्वरूपात) मूल्य पुढे पाठवताना एककही सोबत द्यावे.